प्रादेशिक सेना, भारतीय

आपला नागरी व्यवसाय न सोडता दरवर्षी ठराविक काळ सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष सेवेत दाखल होणाऱ्या नागरिकांचे दल. स्थायी सेनेला स्थिर स्वरूपाच्या कामांतून मोकळे करणे, आपत्काळात मुलकी प्रशासनास साहाय्य करणे व प्रसंगी सेनेला पलटणी पुरविणे, ही या दलाची प्रमुख कार्ये होत. त्यातील सेवा हा पूर्णवेळ रोजगार नव्हे. सैनिकाच्या कुटुंबाचा निर्वाह त्याच्या नागरी उत्पन्नावर व्हावा, हे मूळ तत्त्व आहे. त्यामुळे चरितार्थ आणि सैनिकी कर्तव्य यांचा मेळ घालण्याचा प्रश्न या दलापुढे सतत राहिला.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्स उभारण्यात आले. त्यातील सेवा यूरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना सक्तीची, तर भारतीयांना ऐच्छिक होती. १९२० मध्ये यूरोपीय व अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलिअरी फोर्स आणि भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स अशी दोन स्वतंत्र दले निर्माण झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा प्रादेशिक सेना अधिनियम संमत झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या दलाचे उद्‌घाटन केले.

नोकरदारांची सोय पाहून प्रशिक्षणाची आखणी करण्यात आली. नागरी पलटणींचे प्रशिक्षण सुटीच्या दिवशी होई व चार तासांचे काम एक दिवस म्हणून धरले जाई. ग्रामीण भागातून भरती होणाऱ्या प्रांतिक पलटणींसाठी मात्र सलग शिबिराची पद्धत होती.

अधिनियमाच्या कलम ७ अ नुसार, सेवेसाठी पाचारण झालेल्या कर्मचाऱ्यास परतल्यावर पूर्वीच्या नोकरीत पुन्हा घेणे मालकावर बंधनकारक आहे. वाद उद्‌भवल्यास नियुक्त प्राधिकारी निर्णय देतो. तो मालकास या बंधनातून सूट देऊ शकतो, पुनर्नियुक्तीचा आदेश देऊ शकतो किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई देववू शकतो. आदेश मोडणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम ७ ब मुळे भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजनांतील हक्क अबाधित राहतात. तथापि हे संरक्षण मुख्यतः पगारदारांपुरते आहे. शेतकरी, दुकानदार किंवा कारागीर यांना परत देण्याजोगी नोकरीच नसल्याने, त्यांच्या अनुपस्थितीत पेरणी किंवा धंदा सांभाळण्याचा भार घरच्या माणसांवर पडतो. १९५६ च्या दुरुस्तीने शासकीय व सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांतील २० ते ४० वर्षे वयाच्या व्यक्तींवर आवश्यकतेनुसार या सेवेचे दायित्व टाकण्यात आले.

१९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत या दलाच्या पलटणींना पाचारण करण्यात आले. १९९० नंतर पायदळाच्या अनेक पलटणी जम्मू-काश्मीरमध्ये दीर्घकाळ कार्यरत राहिल्या. परिणामी मूळ कल्पना काहीशी उलटी झाली : पूरक मानलेली सेवाच कित्येक कुटुंबांच्या उपजीविकेचे मुख्य साधन बनली आणि सेवामुक्तीबरोबर सैनिकी वेतन थांबत असल्याने घरखर्चाची घडी विस्कटू लागली. निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेचा एकूण काळच मोजला जातो. तो जवानांच्या बाबतीत १५ वर्षे, तर अधिकाऱ्यांच्या बाबतीत २० वर्षे भरावा लागतो. मधला काळ गणनेत येत नाही.

माजी सैनिकांमधून उभारलेल्या पर्यावरणीय पलटणी हा या दलाचा निराळा विभाग होय. अशी पहिली पलटण १९८२ मध्ये डेहराडून येथे स्थापन झाली. मराठवाड्यात वनीकरणासाठी २०१७ मध्ये औरंगाबाद (पुढे छत्रपती संभाजीनगर) येथे एक पलटण उभारण्यात आली. अशा पलटणीतील, अपघातात पाय गमावलेल्या एका सैनिकास अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारण्यात आले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पलटणी प्रादेशिक सेनेचाच भाग असल्याचे मान्य करून ते देण्याचा निर्णय दिला. सेवेत असताना अपंग झालेल्या अशा सैनिकांच्या कुटुंबांना या निर्णयामुळे आधार मिळाला. पाचारणाच्या काळात बुडणाऱ्या खाजगी उत्पन्नाचा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेबाहेरचा होता.