बंडीच्या धावेपासून पिकअपच्या टायरपर्यंत : आपल्या संत्रापट्ट्यातल्या ओझ्याचा हिशेब



आपल्या भागातल्या संत्र्यावर पुष्कळ लिहिलं जातं, कपाशीवरही. पण तो माल ज्या चाकांवरून बाजारात गेला, त्या चाकांबद्दल लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी बी.कॉम. झालेला बँकेचा माणूस, मेकॅनिक नाही. पण पांढुर्णा आणि सौंसर, दोन्हीकडे वाहनकर्जाच्या फायली हाताळल्या. त्यातून जे समजलं ते लिहून ठेवतो.

सुरुवात बंडीपासून. लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवायचा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवून वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आकसून चाक आवळून धरायची. ओझं किती भरायचं याला तक्ता नव्हता. चढावर बैल थांबले की समजायचं, जास्त झालं.

मग रबरी टायरची बंडी आली. तिला गावोगावी कंपनीच्या नावानेच ‘डनलप’ म्हणत. जॉन बॉइड डनलपने हवेचा टायर 1888 मध्ये केला. त्या कंपनीचा बंगालमधला साहागंजचा कारखाना 1936 चा. बैलांना तेच ओझं हलकं लागू लागलं, म्हणून माणसं जास्त भरू लागली. ही सवय तेव्हापासूनची.

1956 साली राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. भाषा, सोयरीक आणि बाजार मात्र नागपूरकडेच. पांढुर्ण्याला इटारसी-नागपूरची मोठी लाईन होती, सौंसरला छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडी. ती छोटी लाईन 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण मालाने रस्ता त्याच्या आधीच धरला होता. पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा असे दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात आणि पुढे नागपूर.

1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर लहान वाहतूकदार प्राधान्य क्षेत्रात आले आणि बँका गाड्यांना कर्ज देऊ लागल्या. आधी मॅटाडोर, 1986 नंतर टाटा 407, आणि मग डिझेल पिकअप. आंबिया बहाराच्या दिवसांत रात्री सावनेर रोडला उभं राहा, क्रेट लादलेल्या पिकअपची रांग दिसेल.

कर्जाच्या फाईलमध्ये कोटेशन, चेसिस नंबर, विमा, परमिट सगळं असायचं. टायरचा रकाना नसायचा. आणि गाडीचा सगळा भार तर टायरवरच!

टायरच्या बाजूला ‘8 पीआर’, ‘10 पीआर’ लिहिलेलं असतं. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरच्या आत सुती धाग्याचे थर असायचे आणि जितके थर तितकी ताकद. आपल्या काळ्या मातीत पिकतो तोच कापूस! पुढे नायलॉन आणि पोलाद आलं, थर कमी झाले, पण मोजमाप कापसाचंच राहिलं. 10 पीआर म्हणजे आत दहा थर नव्हे, दहा सुती थरांइतकी ताकद. अमेरिकेतल्या अवजड डिझेल पिकअपच्या टायरवर ‘ई’ अक्षर असतं, त्याचाही अर्थ 10 प्लायच.

त्याहून नेमका असतो लोड इंडेक्स. हे किलो नव्हेत, तक्त्यातला क्रमांक आहे. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900, 108 म्हणजे 1000, 112 म्हणजे 1120, 116 म्हणजे 1250. ‘112/110’ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी.

आता हिशेब करा. भरलेल्या पिकअपचं वजन समजा 3000 किलो. त्यातले 2000 मागच्या एक्सलवर. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर 1000, निदान 108 चा टायर हवा. आता वीस-वीस किलोचे पंचवीस क्रेट जास्त टाकले. 500 किलो वाढले, त्यातले बहुतेक मागेच. टायरवर 1200 च्या आसपास. 108 तर गेलाच, 112 सुद्धा पुरत नाही.

बँकवाल्यांच्या भाषेत सांगतो. टायरवर लिहिलेला आकडा ही मंजूर मर्यादा. ड्रॉइंग पॉवर ठरवते हवा. हवा कमी, तर ताकदही कमी. म्हणून हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी तपासायची.

आमच्या एका खातेदाराने मागे कारचे टायर टाकले होते. साईज जवळपास तीच, भाव कमी. दुकानदार म्हणाला, “मजबूत दिसते न भाऊ, चालून जाते.” सिल्लेवानी घाटात मागचा टायर फुटला, गाडी कठड्याला घासून थांबली. क्लीनर पोरगा सतरा-अठराचा. त्याचा पाय कायमचा अधू झाला. गाडीचे हप्ते दोन वर्षांत फिटले. त्या पोराचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

म्हणून गाडीवाल्या पोरांनो, तीन गोष्टी. टायर बदलताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी लोड इंडेक्स कधीच घेऊ नका. जास्त आकड्याचा टायर घेतला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही, कारण पाटे, एक्सल आणि ब्रेक तेच राहतात. आणि आरसी बुकात लिहिलेलं वजन हीच शेवटची मर्यादा. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीत ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 असा दंड ठेवला आहे. पण दंड ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट समजा.

2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. रस्ते सुधारताहेत, गाड्यांचा वेग वाढतोय. बैल ओझं जास्त झालं की थांबायचा. टायर थांबत नाही, तो एकदमच फुटतो. म्हणून थांबायचं कुठे, हे आता माणसालाच ठरवावं लागेल.

कुणाच्या घरी जुन्या बंडीची धाव किंवा मॅटाडोरचा फोटो असेल तर खाली टाका. धाव चढवणाऱ्या आपल्या लोहारमंडळींच्या आठवणी असतील तर त्याही जरूर लिहा.