मुंबईचा प्लेग आणि साथीची इस्पितळे

सांसर्गिक रोग्यास वेगळे ठेवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. परंतु त्यासाठी स्वतंत्र इस्पितळ ही गोष्ट नवी. मुंबई महापालिकेने १८९२ मध्ये आर्थर रोडवर असे इस्पितळ उभारले. चारच वर्षांत त्याची कसोटी लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी येथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, अर्थात प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. आपल्या समाजाच्या कित्येक पेढ्या तेथे होत्या. रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडला नेण्याचे हुकूम सुटले. घरचे लोक रोगी लपवीत, तो तेथे पोहोचे तो अखेरच्या अवस्थेत, आणि दगावे. मग लोक म्हणत, इस्पितळच माणसे मारते! राणीच्या पुतळ्यास डांबर फासल्याचा सूड म्हणून रोग्यांची काळजे काढून विलायतेस धाडतात, अशीही अफवा होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी इस्पितळावर हल्ला केला. या लोकांना केवळ अडाणी म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. स्पर्श, सोवळे, अन्न, आप्तांचा सहवास हे सारे त्यांच्याकडून एका दिवसात हिरावले गेले होते.

सरकारास हे उमगण्यास काही महिने लागले. १८९७ मध्ये निरनिराळ्या ज्ञातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढण्याची मुभा मिळाली. आपला स्वयंपाक, आपली माणसे जवळ. मग तीच वेगळी खोली लोकांना सोसवू लागली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ चालविले. तेथेच, पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या.

विशेष म्हणजे, १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांचा संबंध दाखविला आणि पुढील दशकातील प्रयोगांनी तो सिद्ध झाला. गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाकडे जात नाही. फुप्फुसाचा मात्र जातो. ज्यासाठी घरे फोडून रोगी नेले, त्यातील बरीचशी सक्ती अनाठायीच होती.

आर्थर रोडचे ते इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये मुंबईतील कोरोनाचे पहिले रोगी तेथेच दाखल झाले. नातलगांना पुन्हा एकदा दाराबाहेर थांबावे लागले.