बेताल ठोक्यांची चाहूल

बायपास नीट पार पडते, पेशंट शुद्धीवर येऊन घरच्यांशी चार शब्द बोलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरची रेघ एकदम बेशिस्त होते. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात, आणि खालच्यांचा ताल जातो. डॉक्टरांच्या बोलण्यात हा ‘एएफ’, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या ऑपरेशननंतर साधारण तिघांतल्या एकाला तो गाठतो. बहुतेकांचे ठोके पुन्हा ताळ्यावर येतात. पण मधल्या काळात गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो. म्हणूनच एएफ कोणाला गाठणार, हे आधी ओळखण्याची एवढी धडपड.

ही बेताल नाडी कागदावर पकडली ती एका जनरल प्रॅक्टिशनरने. लँकेशायरमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात जेम्स मॅकेन्झी मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेची हालचाल एकाच पट्टीवर टिपत. त्यासाठी शाईने रेघा ओढणारे यंत्र त्यांनी एका घड्याळजीच्या मदतीने घडवले. झडप अरुंद झालेल्या एका बाईची नाडी ते वर्षानुवर्षे नोंदवत होते. 1890च्या दशकाच्या अखेरीस तिचे ठोके बिघडले, आणि वरच्या कप्प्याची लाट पट्टीवरून गायबच झाली. कप्पा लुळा पडला, असे मॅकेन्झींना वाटले. तो लुळा नसून थरथरतो आहे, हे 1909मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी ईसीजीवरून दाखवले. नंतर त्यांनी अशीच नाडी असलेल्या घोड्याचे हृदय उघडे करून ती थरथर डोळ्यांनीही पाहिली.

एएफ आधी ओळखण्याचा पहिला धागा ऑपरेशनच्या यंत्रापाशी सुरू होतो. 1953मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिले यशस्वी ऑपरेशन केले. रक्त नळ्यांतून फिरू लागले, आणि शरीर त्याला इजाच समजते. सगळीकडे दाह उसळतो. त्याची खूण असलेले सीआरपी हे प्रथिन 1930मध्येच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले होते. 1997मध्ये डच संशोधकांनी फक्त 19 बायपास-रुग्णांचे रक्त दिवसागणिक तपासले. सीआरपीशी निगडित दाहाची दुसरी लाट ऑपरेशननंतरच्या दिवसांत येते आणि तिचा बिघडलेल्या ठोक्यांशी संबंध दिसतो, असे त्यांना आढळले. नमुना चिमुकला, पण वेळ अशी जुळली की सगळ्यांचे कान टवकारले.

दुसरा धागा कॅनडातला. किंग्स्टनमध्ये अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांना भरमसाट लघवी झाली आणि रक्तदाब उतरला. 1981च्या या प्रयोगाने हृदय हार्मोनही बनवते हे सिद्ध केले. त्याच कुळातले बीएनपी हे हार्मोन ताणलेल्या हृदयातून जास्त पाझरते. 2004मध्ये क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी पाहिले, की ज्यांना पुढे एएफ झाला त्यांचे बीएनपी ऑपरेशनआधीच सरासरीने चढे होते. सरासरीने, एवढेच. समोरच्या एका पेशंटचा आकडा हातात घेऊन छातीठोक सांगता येत नाही; तिथे नुसते वयही बरेच काही सांगून जाते.

मग प्रश्न उरला: सीआरपी साक्षीदार की आरोपी? 2006मध्ये इटलीतल्या 200 रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशनआधी दिलेल्या स्टॅटिनने, म्हणजे दाहही उतरवणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, एएफ 57 टक्क्यांवरून 35वर आला, तेव्हा आरोपी सापडल्यासारखे वाटले. 2016मध्ये मात्र बीजिंगच्या 1922 रुग्णांनी हा उत्साह मोडला. स्टॅटिनने सीआरपी उतरले, एएफ उतरला नाही: गोळी घेणाऱ्यांत 21.1 टक्के, न घेणाऱ्यांत 20.5. वर मूत्रपिंडाचा त्रास थोडा वाढला तो वेगळाच.

दरम्यान, सर्जन भलतीकडूनच पुढे सरकले. ऑपरेशननंतर हृदयाच्या मागे साचणारे रक्त आणि पाणीच कप्प्यांना डिवचत असावे, या तर्काने न्यूयॉर्कमध्ये 420 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांच्या हृदयाभोवतीच्या पिशवीला मागून एक चीर दिली, म्हणजे साचलेले डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत निचरून जावे. 2021मध्ये निकाल आला: चीर नसलेल्यांत एएफ 32 टक्के, चीर दिलेल्यांत 17. चीर कोणाला द्यायची, हे रक्ताच्या रिपोर्टवरून नव्हे, तर चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते.