बहुवारिक पटलांतील विद्युत् भार

बाह्य विद्युत् क्षेत्र काढून घेतल्यावरही ज्या विद्युत् अपारक पदार्थात विद्युत् भार अथवा ध्रुवण दीर्घकाळ टिकते, त्यास इलेक्ट्रेट म्हणतात. ही संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८५ मध्ये योजली. पुढे जपानी भौतिकशास्त्रज्ञ मोतोतारो एगुची यांनी मेण व राळ यांचे वितळलेले मिश्रण विद्युत् क्षेत्रात थिजवून असा पदार्थ प्रत्यक्ष तयार केला. आज मेणाची जागा टेफ्लॉन, पॉलिप्रॉपिलीन इत्यादी बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) पातळ पटलांनी घेतली आहे.

भाराचे वितरण

धातूला दिलेला भार त्याच्या पृष्ठभागावर मोकळेपणाने पसरतो. बहुवारिकात तो जेथे पडतो तेथेच बहुधा अडकून राहतो. रेणुसाखळ्यांची टोके, अशुद्धी, स्फटिकमय व अस्फटिकी भागांच्या सीमा ही अडकण्याची स्थाने असून त्यांना ‘सापळे’ म्हणतात. सापळ्याची खोली म्हणजे पृष्ठभागापासूनचे अंतर नव्हे, तर भार सुटण्यास लागणारी ऊर्जा होय. उथळ सापळ्यातील भार सामान्य तापमानासही निसटतो. कोरोना विसर्जनाने दिलेला भार मुख्यतः पृष्ठभागालगत राहतो, तर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत तो पटलाच्या अंतर्भागात पोहोचवतो. पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडमध्ये मात्र रेणूंतील द्विध्रुव एका दिशेस वळवून ध्रुवण साधता येते. बाहेरून घातलेल्या भाराशी त्याची गल्लत करू नये.

पटलाबाहेरून मोजलेल्या विभवावरून भाराचा एकंदर परिणाम कळतो, त्याचे स्थान कळत नाही. पटल सावकाश तापवून वाहणारा प्रवाह मोजल्यास सापळ्यांच्या ऊर्जेचा अंदाज येतो.

उपयोग आणि ऱ्हास

गेऱ्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट पटलाचा ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) बनवला. भारित पॉलिप्रॉपिलीनचे सूक्ष्म तंतू याच तत्त्वावर एन-९५ मुखपट्टीत धूलिकण व जंतुयुक्त थेंब खेचून धरतात. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित पुण्यात आढळले. त्यानंतरच्या टंचाईत अशा मुखपट्ट्या धुऊन वा सॅनिटायझर फवारून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना झाला. अल्कोहोल आणि साबण यांमुळे तंतूंवरील भार नाहीसा होतो. मुखपट्टी दिसायला जशीच्या तशी राहते, गाळण्याची क्षमता मात्र बरीच घटते. कोरड्या, मर्यादित उष्णतेने तिची हानी तुलनेने कमी होते.

दमट हवेत पृष्ठभागावर साचणारा ओलावा भाराला वाट करून देतो. टेफ्लॉन व पॉलिप्रॉपिलीन पाणी धरत नसल्याने त्यांच्यावर हा परिणाम कमी होतो. तरीही मुळशी-ताम्हिणीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात भारित पटले व मुखपट्ट्या हवाबंद वेष्टनात ठेवणे इष्ट असते.