वाइत्सनबॉक

वाइत्सनबॉक हा मुख्यतः गव्हाच्या माल्टपासून तयार होणाऱ्या तीव्र बिअरचा जर्मन प्रकार आहे. त्याचा उगम जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात झाला. जर्मन भाषेत 'वाइत्सन' म्हणजे गहू, तर 'बॉक' हे तीव्र बिअरच्या एका प्रकाराचे नाव होय. या बिअरमध्ये आकारमानाने साधारणपणे ६.५ ते ९ टक्के मद्यार्क असतो. 'हेफेवाइत्सन' या गव्हाच्या नेहमीच्या बिअरमध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास असतो.

नावाची व्युत्पत्ती
उत्तर जर्मनीतील आइनबेक हे गाव तीव्र बिअरसाठी प्रसिद्ध होते. बव्हेरियन बोलीत या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'बॉक' हा शब्द रूढ झाला, असे मानले जाते. 'बॉक'चा दुसरा अर्थ बोकड असल्यामुळे बॉक बिअरच्या बाटल्यांवर पुष्कळदा बोकडाचे चित्र आढळते.

इतिहास
बव्हेरियात १५१६ साली काढलेल्या शुद्धताविषयक आदेशानुसार बिअरसाठी केवळ पाणी, सातू (बार्ली) आणि हॉप हेच घटक वापरता येत. गव्हाची बिअर करण्याचा विशेषाधिकार डेगेनबेर्ग घराण्याकडे होता. हे घराणे निर्वंश झाल्यावर १६०२ मध्ये तो ड्यूक पहिला माक्सिमिलियान याच्याकडे आला आणि पुढे तो राजघराण्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनला. एकोणिसाव्या शतकात या बिअरची मागणी घटली. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी ती तयार करण्याचा हक्क मिळवला. त्यांच्या घराण्याच्या म्युनिक येथील कारखान्याने १९०७ मध्ये 'आव्हेंटिनुस' ही बिअर बाजारात आणली. ८.२ टक्के मद्यार्क असलेली ही बिअर वाइत्सनबॉकचा आदर्श नमुना मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात म्युनिकचा कारखाना उद्ध्वस्त झाल्यानंतर उत्पादन केलहाइम येथे हलवण्यात आले.

घटक व निर्मिती
धान्याला मोड आणून ते वाळवले की माल्ट तयार होते. जर्मन नियमांनुसार गव्हाच्या बिअरमध्ये किमान निम्मे माल्ट गव्हाचे असावे लागते. उरलेले सातूचे असते. गव्हाच्या दाण्याला टरफल नसल्याने निव्वळ गव्हाचा अर्क गाळणे कठीण जाते. सातूची टरफले येथे नैसर्गिक गाळणीचे काम करतात. बॉकसाठी अर्क अधिक दाट ठेवतात. किण्वनाच्या वेळी पृष्ठभागावर येणारे विशिष्ट यीस्ट वापरले जाते. गडद प्रकारात जास्त भाजलेले माल्ट घालतात.

आस्वादन
ही बिअर उंच, अर्धा लिटरच्या पेल्यात, सुमारे ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमानाला दिली जाते. पेला तिरपा धरून ती सावकाश ओततात. शेवटी बाटलीतील थोडी बिअर हलवून तळाचे यीस्टही पेल्यात घेतात. त्यामुळे बिअर गढूळ दिसते; तो दोष नव्हे. वर दाट, टिकाऊ फेस येतो.

पिकलेल्या केळ्यासारखा वास आयसोअमाइल ॲसिटेटमुळे, तर लवंगेसारखा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉल या संयुगामुळे येतो. ही दोन्ही संयुगे किण्वनात निर्माण होतात. बिअरमध्ये केळे वा लवंग घातलेली नसते. गडद प्रकारात मनुका, पावाची खरपूस कड आणि काकवी यांची आठवण करून देणारी चव असते. हॉपचा कडवटपणा सौम्य असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आल्यास बिअर ऑक्सिजनच्या संपर्काने बिघडली असे समजतात.

मद्यार्काचे प्रमाण
गोडसर चवीमुळे या बिअरची तीव्रता चटकन जाणवत नाही. ८.२ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये सुमारे ३२ ग्रॅम मद्यार्क असतो, तर ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम. म्हणजे वाइत्सनबॉकचा एक पेला साध्या बिअरच्या मोठ्या बाटलीपेक्षा अधिक मद्यार्क शरीरात नेतो. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

महाराष्ट्रातील स्थिती
पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर राज्यातील मोठ्या शहरांत ताज्या गव्हाच्या बिअरचा परिचय वाढला. मात्र 'व्हीट बिअर' या नावाने मिळणारे अनेक प्रकार धने व संत्र्याची साल घातलेले, बेल्जियन पद्धतीचे असतात. तसेच भारतीय बाजारातील 'स्ट्राँग' हा शब्द केवळ मद्यार्काचे प्रमाण सांगतो. अशा बिअर बहुधा लागर प्रकारच्या असतात. त्यांना वाइत्सनबॉक म्हणता येत नाही.

महात्मा गांधी व विनोबा भावे यांच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे समुद्रपूरसह जिल्ह्यातील आठही तालुक्यांत कोणत्याही बिअरची उघड विक्री करता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातही १९९३ पासून दारूबंदी आहे. समुद्रपूर तालुक्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

हे सुद्धा पहा
बिअर
किण्वन
दारूबंदी
वर्धा जिल्हा