घर विकायचं आहे? मग आधी घराचा इतिहास शोधा

पोस्ट थोडी लांब आहे. पण गावात ज्याचं वडिलोपार्जित घर आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

दोन वर्षांआधी आमचं वडनेरचं जुनं घर विकायचं ठरलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागं विहीर. गिऱ्हाईक आलं, भाव जुळला, इसाराची बोलणी झाली. मग सोबतच्या वकिलांनी विचारलं, "कागद?" मी मोठ्या तोऱ्यात ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि टॅक्सच्या पावत्यांचा गठ्ठा पुढं केला. त्यांनी चाळला आणि परत दिला. "हा कर भरल्याचा पुरावा झाला. मालकीचा दाखवा."

वीस वर्षं मी लोकांच्या जमिनीच्या भानगडी छापतोय. स्वतःच्या घराचा कागद मात्र कधी पाहिला नव्हता. मग शोधायला लागलो, आणि घराचा नाही, अख्ख्या गावठाणाचाच इतिहास हाती लागला.

आपला वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूरमधून वेगळा झाला. तेव्हा इथं मालगुजारी होती. गावाचा सारा मालगुजार सरकारात भरायचा आणि गावची आबादी, म्हणजे वस्तीची जागा, त्याच्याच ताब्यात असायची. रयतेला घरासाठी जागा मिळायची ती त्याच्या शब्दावर आणि गावच्या रिवाजावर. "अमक्याच्या वाड्याच्या उगवतीला बांध" एवढं सांगितलं की झालं. ना नकाशा, ना खरेदीखत. शेताचा हिशोब पटवाऱ्याच्या दप्तरात असायचा, घराचा लोकांच्या आठवणीत.

आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. तिथल्या 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि 31 मार्च 1951 पासून गावं सरकारकडे आली. त्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती : आबादीतलं घर ज्याचं, त्याच्याकडेच राहील. हक्क राहिला, पण बहुतेक घरांना त्याचा कागद मिळाला नाही. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. सरकारं बदलली, शेताचा सातबारा आला, पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मग मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 खाली घरटॅक्स लागला, त्याची नोंदवही म्हणजे नमुना 8. गावानं त्यालाच मालकी मानलं. न्यायालय मात्र मानत नाही, बँकही कचरते.

आमच्या नमुना 8 वर अजूनही आजोबांचंच नाव होतं. ते 1978 मध्ये गेले. वारस म्हणून आम्ही बाबा आणि काका एवढीच नावं धरून चाललो होतो. वकील म्हणाले, "आणि बहीण?"

आत्या समुद्रपूरला असते. तिला कोणी विचारलंच नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिला, पण त्यातच कलम 23 होतं : कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस करत नाहीत, तोवर मुलीला ती मागता येणार नाही. हे कलम 9 सप्टेंबर 2005 ला रद्द झालं. कायद्यातून गेलं, घराघरांतून गेलं नाही.

"आत्याची सही शंभराच्या स्टॅम्पवर घेऊन टाका," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. हक्कसोडपत्राची नोंदणी लागते, हे कोणी सांगितलं नाही. मी आत्याकडे गेलो. ती म्हणाली, "आधी माहं नाव येऊ दे कागदावर. मंग काय सोडायचं, काय नाही, ते मी पाहीन."

तिचं बरोबर होतं. वारसनोंद झाली, तिच्यासकट. त्यात आठ महिने गेले, पहिलं गिऱ्हाईकही गेलं. आत्यानं हक्क सोडला नाही, खरेदीखतावर सही केली आणि आपला हिस्सा घेतला. बाबांना थोडं लागलं. पण व्यवहार स्वच्छ झाला.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 विकणाऱ्यावर जबाबदारी टाकतं : घरात किंवा मालकीत असलेला, घेणाऱ्याला सहज न दिसणारा दोष स्वतःहून सांगायचा, कागद मागितले तर दाखवायचे. माहीत असून लपवणं म्हणजे फसवणूक. "त्यानं विचारलंच नाही" हे उत्तर चालत नाही.

म्हणून इसार घ्यायच्या आधी एवढं जमवा :

• चालू नमुना 8, घरटॅक्सची आणि पाण्याची पावती, थकबाकी शून्य.
• जुनं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र असेल तर ते.
• सगळ्या वारसांची यादी. मुली, विधवा सुना, बाहेरगावी गेलेले, सगळे.
• चारही बाजूंची मोजमापं आणि शेजारी कोण. विहीर, भिंत, वाट सामाईक असेल तर तसं लिहून.
• बँक किंवा सोसायटीचा बोजा, कोर्टातला दावा असेल तर तो.
• दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा शोध अहवाल.
• गावठाणाची मोजणी झाली असेल तर सनद आणि आखीव पत्रिका.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनचा प्रयोग झाला होता. चुन्यानं हद्दी आखायच्या, वरून फोटो घ्यायचे, चौकशी करून प्रत्येक घराला आखीव पत्रिका द्यायची. चुना पडेल तेव्हा घरी हजर राहा. चुकीची रेघ तेव्हा फडक्यानं पुसता येते, पुढं कोर्टात पुसावी लागते.

आणि हे घर विकायचं नसलं तरी करा. कोणाच्या वाड्याच्या उगवतीला आपलं घर बांधलं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्या. आणि बहिणीलाही फोन लावा.