'कायम' या शब्दाची कसोटी : केशवपनापासून विद्युत्-अपघटनापर्यंत

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत स्टेशनालगतच्या रस्त्यांवर चेहऱ्यावरील नको असलेले केस 'कायमचे' काढून देण्याची ग्वाही देणाऱ्या पाट्या आढळतात. त्यांतील 'कायम' हा शब्द मूळचा अरबी असून 'उभा असलेला' असा त्याचा अर्थ आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि नोकरी, वस्ती, धारा अशा स्थिर राहणाऱ्या गोष्टींना लागला. केस काढण्याच्या क्रियेला तो लागणे ही त्या मानाने फार अलीकडची गोष्ट होय. मराठीने या क्रियेसाठी परंपरेने जे शब्द वापरले, त्यांत केस पुन्हा उगवणार हे गृहीतच धरलेले असते.

'वपन' हा त्यांतील सर्वांत बोलका शब्द. धातुपाठात वप् या धातूचा अर्थ 'बीजसंतान', म्हणजे बी पेरणे, असा दिलेला असून 'छेदन' हा अर्थही त्यास जोडलेला आहे. येथे एकच धातू मानावा की समान रूपाचे दोन, हा वाद बाजूस ठेवला तरी पेरणे व भादरणे या क्रियांचे हे साहचर्य मार्मिक आहे. शेतकऱ्याचे काय किंवा नापिताचे काय, काम एकदा करून संपत नाही. 'हजामत' या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा होता. न्हावी शस्त्रवैद्याचेही काम करी, म्हणून तो शब्द वस्तऱ्यापर्यंत पोहोचला.

वपनाच्या या आवर्तनाला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात विलक्षण महत्त्व आले. ब्राह्मणादी उच्चवर्णीयांत विधवेचे केशवपन ही रूढी होती, आणि 'सकेशा' असा स्वतंत्र शब्द केस राखणाऱ्या विधवेसाठी भाषेला ठेवावा लागला, यावरून नियम कोणता व अपवाद कोणता हे कळते. पण वाढलेले केस काढण्यासाठी नापिताला पुनःपुन्हा बोलवावे लागे. रूढीचे हे दुबळे स्थान नारायण मेघाजी लोखंडे यांनी अचूक हेरले. १८४८ साली ठाणे येथे जन्मलेले लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि गिरणी-कामगारांचे आद्य संघटक. विधवांचे वपन करावयाचे नाही या निर्धाराने १८९० साली मुंबईतील नापितांनी त्यांच्या पुढाकाराने संप केला. शास्त्रार्थाच्या वादात नापिताला कोणी विचारले नव्हते. हाताचे काम थांबवून त्याने आपले मत नोंदविले. वपन एकदाच होऊन कायमचे टिकणारे असते, तर या संपाला काही अर्थ उरला नसता.

केस मुळापासून नष्ट करण्याचा विचार वेगळ्याच क्षेत्रात, नेत्रवैद्यकात, रुजला. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या साठ उपक्रमांत 'लोमापहरण' येते. त्यासाठी शंखचूर्णाचे दोन भाग व हरताळाचा एक भाग शुक्तात वाटून लावण्यास सांगितले आहे. असा लेप त्वचेवरील केस गाळतो, मूळ मात्र शाबूत राहते. याउलट पक्ष्मकोप या विकारात, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासू लागतात तेव्हा, उत्तरतंत्र कठोर उपाय सुचविते : पापणीवरील त्वचेचा यवाच्या आकाराचा तुकडा छेदून जखम शिवावी, त्याने भागले नाही तर पापणी उलटवून अग्नीने वा क्षाराने दाह करावा, किंवा केसांची ओळ तीन बडिशांनी धरून कापून काढावी. येथे प्रश्न रूपाचा नव्हता, दृष्टीचा होता.

याच विकाराने पुढे विजेच्या सुईला जन्म दिला. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ साली पापणीच्या आत वळलेल्या केसांवरील आपली पद्धत प्रसिद्ध केली. (कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेत होत्या, तेव्हा ही पद्धत अवघ्या अकरा वर्षांची होती.) बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली बारीक सुई केसाच्या मुळाशी उतरवावयाची आणि प्रवाह सोडावयाचा. ऊतकातील पाणी व मीठ यांचे विघटन होऊन सुईभोवती दाहक सोडा तयार होतो आणि तो केसाचे मूळ जाळतो. सुई धन टोकाला जोडल्यास तिचेच लोखंड विरघळून त्वचेवर काळा डाग राहतो, म्हणून ऋण टोकाचा आग्रह. सुश्रुताने क्षार बाहेरून लावला होता. मिशेलच्या सुईने तो मुळाशीच निर्माण केला. लवकरच त्वचारोगतज्ज्ञांनी ही पद्धत स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांसाठी उचलली.

पद्धत खात्रीची, पण अतिशय संथ : एका वेळी एक केस. त्यातही सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, त्यामुळे महिनोन् महिने बैठका घ्याव्या लागतात. या संथपणाला कंटाळून जे झटपट उपाय निघाले त्यांची किंमत रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, मोजावी लागली. व्हिएन्ना येथे लेओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ साली पाच वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरील केसाळ डागावर क्ष-किरण सोडले. केस गळले, पण पुढे व्रण झाले. तरीही १९२० नंतर अमेरिकेत सौंदर्यगृहांतून क्ष-किरणांनी केस घालविण्याचा धंदा फोफावला, आणि त्या खुर्च्यांत बसलेल्या कित्येक स्त्रियांना वर्षांनंतर त्वचेचा कर्करोग झाला.

१९२४ साली फ्रान्समध्ये आंरी बोर्दिए यांनी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने केसाचे मूळ उष्णतेने मारण्याची रीत आणली. तीत रासायनिक विघटन घडतच नाही, तरी व्यवहारात तीही 'इलेक्ट्रॉलिसिस' या नावाखालीच चालते. फॅरडेने १८३४ साली रूढ केलेल्या या शब्दातील 'लिसिस' म्हणजे सोडविणे, सुटे करणे. संस्कृतातील 'कापणे' या अर्थाचा लू धातू त्याचा सजातीय मानला जातो. आपल्या शालेय पुस्तकांतील 'विद्युत अपघटन' ही संज्ञा मिशेलच्या सुईला चपखल लागू पडते, बोर्दिएच्या सुईला नाही.

लेसरच्या बाबतीत शब्दांचा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही लेसर यंत्रांना 'कायमची केसघट' एवढाच दावा करण्यास मुभा दिली आहे. उपचारांच्या मालिकेनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे, असा त्याचा अर्थ. केस मुळीच न उगवणे असा नव्हे. 'कायमचे निर्मूलन' हा दावा ते प्रशासन सुईच्या पद्धतीपुरताच मान्य करते. मराठी पाटीवर 'घट' हे नाम गळते आणि 'कायमचे' हे विशेषण तेवढे उरते. लेसर केसातील रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. तेथे आजही सुईच लागते, आणि तीही एका वेळी एकाच केसाला.